दप्तरांतील कागद अचूक कसा दाखवावा?

गतवर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत, एके दिवशीं दुपारीं, एक वृद्ध गृहस्थ एस्.टी.नें पुसदेस उतरून आमच्या शाळेच्या कचेरींत आले. त्यांच्या नातीस महाविद्यालयांत प्रवेश घ्यावयाचा होता, व त्यासाठीं जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हावयाची होती. ह्या कामीं आपल्या राज्यांत घराण्यांतील जुना लेखी पुरावा पाहतात: अनुसूचित जातींकरितां १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींकरितां २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्गीयांकरितां १३ ऑक्टोबर १९६७ ह्या तारखांच्या पूर्वींचा. ज्या घरांत शेताचा जुना कागद नाहीं, कोर्टकचेरीचा कागद नाहीं, त्या घरांत असा पुरावा बहुधा एकच असतो. घरांतील कोणी वडील माणूस कधीं काळीं शाळेंत गेला असेल, तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरांतील त्याच्या नांवाची एक ओळ. ह्या गृहस्थांची अशी ओळ आमच्या शाळेंत १९५८ सालची होती.

रजिस्टर जुनें, कागद पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या. म्हणून आम्हीं त्याच्या प्रत्येक पानाची प्रतिमा घेऊन ती पीडीएफ फाइलीच्या रूपानें संगणकांत ठेविली आहे, व नांवांची यादी एका डेटाबेसांत केली आहे. कारकुनांनीं नांव शोधलें, तें सांपडलें. परंतु नांवापुढें दिलेलें पान उघडतांच भलत्याच मुलाची नोंद पुढें आली. “बाबा, ह्या पानावर तुमचं नांव दिसत नाहीं,” असें कारकून म्हणाले. गृहस्थ कांहीं वेळ उभेच राहिले. मग हळूच म्हणाले, “साहेब, दोनच वर्षं शिकलों मी. पण नांव लिहिलं होतं. माझ्या बापानं अंगठा दिला होता.”

तेव्हां मूळ रजिस्टर कपाटांतून काढून पान पान चाळलें. दिवस मावळतां मावळतां ११८ व्या पानावर ती ओळ सांपडली. डेटाबेसांत ११८ च्या जागीं १८१ असें पडलें होतें. आंकडे तेच, क्रम निराळा! गृहस्थांस दाखला मिळाला खरा, पण शेवटची एस्.टी. निघून गेली होती. त्यांस ती रात्र गांवांतच काढावी लागली. आणि तो आंकडा टाइप करणारे हात कारकुनांचे नव्हते. ते आमचे होते.

त्या रात्रीं आम्हांस बराच वेळ झोंप लागली नाहीं. चूक आमची होती हें उघडच आहे. परंतु ज्या कामांत हजार वेळां आंकडे हातानें लिहावे लागतात, त्यांत दहा-वीस चुका होणारच, हेंही तितकेंच उघड आहे. तेव्हां अधिक सावध राहण्याचा नुसता निश्चय करून भागणार नव्हतें. कामाची रीतच बदलावयास हवी होती. ती आम्हीं कशी बदलली हें विद्यार्थ्यांस व पालकांस समजावून सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें पाहूं कीं, कागद आणि कागदाची नोंद ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पुण्यास पेशवे दप्तर आहे, हें तुम्हीं इतिहासांत वाचलेंच असेल. तेथें जुने कागद कापडांत बांधून ठेविलेले असतात. अशा बांधणीस ‘रुमाल’ म्हणतात. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनीं १९३० ते १९३४ ह्या काळांत त्या अफाट दप्तरांतून कागद निवडून त्यांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. आतां अशा दप्तराची यादी करणारा मनुष्य यादींत सबंध पत्र शिवून ठेवीत नाहीं. तें पत्र कोणत्या रुमालांत आहे, एवढेंच लिहितो. यादी हातांत धरण्याजोगी राहते, आणि कागद आपल्या जागीं सुरक्षित राहतो. मात्र यादींत रुमालाचा क्रमांक चुकला, तर कागद असून नसल्यासारखाच होय.

संगणकांतील डेटाबेस ही अशीच यादी आहे. तिच्यांत एका विद्यार्थ्यास एक ओळ, व प्रत्येक ओळींत रकाने: नांव, वडिलांचें नांव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख. पानांच्या प्रतिमा डेटाबेसांतच कोंबतां येतात, नाहीं असें नाहीं. परंतु आम्ही वापरतों त्या प्रकारांत सर्व नोंदी एकाच फाइलींत राहतात. तिच्यांत हजारों प्रतिमा भरल्या तर ती अवजड होते, आणि तीच एक फाइल बिघडली तर यादीही गेली व कागदही गेले. म्हणून प्रतिमा एका फोल्डरांत निराळ्या ठेवाव्या आणि यादींत ‘मार्ग’ नांवाचा एक रकाना करून त्यांत त्या फाइलीचा पत्ता लिहावा, हें उत्तम.

प्रश्न एवढाच कीं, हा पत्ता लिहावा कोणीं? आम्ही तो हातानें लिहीत होतों, आणि तेथेंच घात झाला. पत्त्यांत एक टिंब राहिलें, एक जागा अधिक सुटली, तरी यंत्रास फाइल सांपडत नाहीं; आणि आंकड्यांची अदलाबदल झाली तर त्याहून वाईट, कारण मग दुसरीच फाइल सांपडते. पुसदच्या बाजारांत अनोळखी मनुष्यास दुकान सांगावयाचें झाल्यास आपण लांबलचक पत्ता सांगत बसत नाहीं. “तें पाहा” म्हणून बोट दाखवितों. संगणकांतही बोट दाखविण्याची सोय आहे. एक खिडकी उघडते, तींत फाइलींची यादी दिसते, हवी त्या फाइलीवर टिचकी मारावी, कीं तिचा पत्ता यंत्र स्वतःच लिहून घेतें. पत्र लिहितांना किंवा छायाचित्र जोडतांना ही खिडकी तुम्हीं शेंकडों वेळां पाहिली असेल. तीच आपल्या डेटाबेसांत आणून बसवावयाची आहे.

आमच्या शाळेंत ह्या कामास लिबरऑफिस हा विनामूल्य संच वापरतात. त्यांतील डेटाबेसाच्या भागास ‘बेस’ असें नांव आहे. ह्या संचाचा पूर्वज ‘स्टारऑफिस’ जर्मनींतील स्टार डिव्हिजन ह्या कंपनीनें तयार केला होता. १९९९ सालीं ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सनें विकत घेतली. पुढें त्याचा ‘ओपनऑफिस’ झाला, व २०१० सालीं त्यापासून लिबरऑफिस निघाला. ही वंशावळ सांगण्याचें कारण पुढें लौकरच दिसेल.

बेसच्या फॉर्मवर ‘फाइल निवडा’ अशा जातीची एक तयार चौकट ठेवतां येते. नवशिक्यास वाटतें, काम झालें! परंतु ती चौकट तक्त्यांतील रकान्याशीं बांधतां येत नाहीं. निवडलेला पत्ता तिच्यांत दिसतो, पण नोंदींत उतरत नाहीं. म्हणून चौकटीपासून रकान्यापर्यंतचा पूल आपणांस बांधावा लागतो, आणि तो मॅक्रोनें बांधावयाचा. ‘मॅक्रो’ हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा अर्थ लांब किंवा मोठा. एका लहानशा आज्ञेनें कामांची मोठी मालिका यंत्राकडून करवून घेणें, ह्यास मॅक्रो म्हणावें.

आतां कृति सांगतों. पुढील नांवें यंत्रांत रोमन लिपींत, मधील जोडरेघा गाळून, लिहावयाचीं आहेत. येथें तीं उच्चाराप्रमाणें दिलीं आहेत.

पहिली पायरी. फॉर्मवर एक मजकुराची चौकट ठेवून ती ‘मार्ग’ ह्या रकान्याशीं बांधावी, व तिच्या गुणधर्मांत ‘रीड-ओन्ली’ म्हणजे केवळ वाचनीय असें ठरवावें, जेणेंकरून कोणासही तींत हातानें कांहीं लिहितां येऊं नये. तिच्या शेजारीं एक बटण ठेवून त्यावर ‘पान निवडा’ असें लिहावें.

दुसरी पायरी. ‘टूल्स’ ह्या यादींतील ‘मॅक्रोज’मध्यें जाऊन बेसिक भाषेंतील नवा मॅक्रो लिहावयास घ्यावा. तो ‘माय मॅक्रोज’मध्यें न ठेवतां त्या डेटाबेसाच्या फाइलींतच ठेवावा, नाहीं तर डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर नेला असतां मॅक्रो मागेंच राहतो.

तिसरी पायरी. मॅक्रोची पहिली आज्ञा खिडकी मागविण्याची. ‘क्रिएट-यूनो-सर्व्हिस’ ह्या आज्ञेस ‘कॉम, सन, स्टार, यूआय, डायलॉग्ज, फाइल-पिकर’ हें नांव, प्रत्येक शब्दामध्यें टिंब देऊन, सांगावें. ‘सन’ आणि ‘स्टार’ कोठून आले हें आतां ध्यानांत आलें असेल. घराण्याचें नांव नातवंडांनींही टाकलेलें नाहीं! मग ‘अपेंड-फिल्टर’ ह्या आज्ञेनें खिडकींत केवळ पीडीएफ फाइलीच दिसाव्या असें सांगावें, आणि ‘सेट-डिस्प्ले-डिरेक्टरी’नें खिडकी थेट पानांच्या फोल्डरांतच उघडावी असें करावें. जेवढी गर्दी कमी, तेवढी चूक कमी.

चौथी पायरी. ‘एक्झिक्यूट’ म्हणतांच खिडकी उघडते व मॅक्रो उत्तराची वाट पाहत थांबतो. मनुष्यानें फाइल निवडली तर उत्तर १ येतें. ‘रद्द’ म्हटलें तर ० येतें. हें उत्तर तपासल्यावांचून पुढें जाऊं नये. आमच्या एका विद्यार्थ्यानें पहिल्या प्रयत्नांत हा प्रश्न विचारलाच नव्हता. त्यामुळें ‘रद्द’ दाबतांच मॅक्रो नसलेली फाइल उचलावयास गेला आणि चुकीची सूचना देऊन थांबला. मनुष्यास “नको” म्हणण्याचा अधिकार असतो, आणि त्यानें “नको” म्हटल्यावर पूर्वीची नोंद होती तशीच राहिली पाहिजे.

पांचवी पायरी. उत्तर १ असल्यास ‘गेट-फाइल्स’ ह्या आज्ञेनें निवडलेल्या फाइलींची यादी मिळते. आपण एकच निवडली असल्यानें तिचें पहिलें पद, म्हणजे शून्य क्रमांकाचें, घ्यावें. हा पत्ता जालावरील पत्त्याच्या थाटाचा असतो. त्यांत रिकामी जागा किंवा देवनागरी अक्षर आलें म्हणजे त्याचे टक्केवारीच्या चिन्हासह तुकडे होतात. ‘दाखल’ हा शब्द पाहा. दिसण्यास तीन अक्षरें. परंतु काना हेंही यंत्रास स्वतंत्र चिन्ह, म्हणून चिन्हें चार. आणि प्रत्येक चिन्हाचीं नऊ अक्षरें होतात, म्हणजे एकूण ३६! मराठी नांवाचे दोन-चार फोल्डर एकांत एक असले कीं रकान्याची जागा पुरत नाहीं, व वाचणाऱ्यासही कांहीं बोध होत नाहीं. ह्यास्तव ‘कन्व्हर्ट-फ्रॉम-यूआरएल’ ही आज्ञा देऊन पत्ता पुन्हां वाचनीय करून घ्यावा.

सहावी पायरी. पत्ता पूर्ण ठेवूं नये. कचेरींतील यंत्रावर पानें ‘डी’ ह्या खणांत असतील. उद्यां नवें यंत्र आलें व तीं दुसऱ्या खणांत गेलीं, तर सर्वच्या सर्व पत्ते एका क्षणांत खोटे ठरतील. म्हणून डेटाबेसाची फाइल व पानांचा फोल्डर हीं एकाच जागीं ठेवावीं. ‘धिस-डेटाबेस-डॉक्युमेंट’ ह्याच्या ‘यूआरएल’ ह्या गुणांत डेटाबेसाचा स्वतःचा पत्ता मिळतो; तोही वाचनीय करून त्यांतील शेवटच्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग ‘मूळ’ म्हणून धरावा. निवडलेला पत्ता त्या मुळानेंच सुरू होत असेल तर तेवढा भाग तोडून उरलेला ठेवावा. सुरू होत नसेल तर ती फाइल आपल्या दप्तराबाहेरची आहे. तशी सूचना दाखवून कांहींही न लिहितां थांबावें.

सातवी पायरी. उरलेला पत्ता रकान्यांत उतरवावयाचा. बटण दाबल्याची जी घटना मॅक्रोस कळविली जाते, तिच्या ‘सोर्स’, ‘मॉडेल’, ‘पेरेंट’ अशा पायऱ्या चढत गेलें म्हणजे फॉर्म हातीं लागतो. फॉर्मास ‘गेट-बाय-नेम’नें मजकुराची चौकट मागावी, तिचा ‘बाउंड-फील्ड’ म्हणजे तिला बांधलेला रकाना, त्यास ‘अपडेट-स्ट्रिंग’नें पत्ता द्यावा. ह्यानंतर नोंद जतन केली म्हणजे पत्ता तक्त्यांत कायम झाला.

शेवटीं बटणाच्या गुणधर्मांतील ‘इव्हेंट्स’ ह्या पानावर ‘एक्झिक्यूट ॲक्शन’ ह्या घटनेस आपला मॅक्रो जोडावा. झालें.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मॅक्रो हा आज्ञा देणारा असल्यामुळें वाईट हेतूचा मॅक्रो यंत्राचें नुकसानही करूं शकतो. म्हणून लिबरऑफिस मुळांतच कडक असतो व अनोळखी मॅक्रो चालूं देत नाहीं. अशा वेळीं कित्येक लोक सुरक्षेची पातळीच खालीं आणतात. हें म्हणजे एका पाहुण्यासाठीं घराचें दार रात्रभर उघडें टाकण्यासारखें आहे. त्याऐवजीं सुरक्षेच्या त्याच खिडकींत विश्वासाचीं स्थळें नेमण्याची सोय आहे. तेथें आपल्या दप्तराचा तेवढा फोल्डर नेमावा.

ज्यांच्या कचेरींत मायक्रोसॉफ्टचा ‘ॲक्सेस’ आहे, त्यांनींही निराश होऊं नये. तेथें व्हिज्युअल बेसिक भाषेंत ‘फाइल-डायलॉग’ ह्या नांवानें हीच खिडकी मिळते. मात्र फाइल निवडली असतां तेथें ‘शो’ ह्या आज्ञेचें उत्तर १ नव्हे, तर उणें १ येतें. एकीकडचा मॅक्रो दुसरीकडे तसाच उतरवून घेणाऱ्यांचा गोंधळ बहुधा येथेंच होतो.

आतां एक चतुर विद्यार्थी विचारील: “गुरुजी, खिडकींतूनही ११८ च्या ऐवजीं १८१ वर टिचकी पडणार नाहीं कशावरून?” प्रश्न योग्य आहे, आणि ह्याचें उत्तर प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. नसलेल्या फाइलीचा पत्ता खिडकींतून येणें शक्य नाहीं. लेखनाच्या चुकाही संपतात. परंतु असलेल्या दोन फाइलींपैकीं खरी कोणती, हें खिडकीस कळत नाहीं. तें मनुष्यानेंच पाहावयाचें. म्हणून आम्हीं पहिल्या बटणाशेजारीं ‘पान पाहा’ असें दुसरें बटण ठेविलें. तें मूळ भाग व रकान्यांतील पत्ता पुन्हां जोडतें, आणि ‘कॉम, सन, स्टार, सिस्टिम, सिस्टिम-शेल-एक्झिक्यूट’ ह्या सेवेकडून तें पान लागलीच उघडून दाखवितें. नियम असा केला कीं, निवडलेलें पान उघडून, त्यावरील नांव व जन्मतारीख डोळ्यांनीं ताडून पाहिल्याखेरीज नोंद जतन करावयाची नाहीं. यंत्रानें हाताचें काम घेतलें. डोळ्यांचें घेतलें नाहीं, आणि आम्हीं तें देऊंही केलें नाहीं.

ह्या रीतीनें जुन्या सर्व नोंदी पुन्हां निवडून घेण्याचें काम दिवाळीच्या सुटींत इयत्ता नववीच्या मुलामुलींनीं आमच्या देखरेखीखालीं केलें. दोघांची जोडी: एकानें निवडावें, दुसऱ्यानें ताडून पाहावें. ११८ आणि १८१ ह्यांच्या जातीच्या आणखीही चुका त्यांना सांपडल्या, व त्या प्रत्येक चुकीमागें कोठें तरी एक कुटुंब होतें. मुलें प्रथम खेळ म्हणून आलीं होतीं. तिसऱ्या दिवसापासून कोणी गलका करीना. एका मुलीस आपल्याच आजीचें नांव सांपडलें. ती तें पान कितीतरी वेळ पाहत बसली, मग डोळे पुसून तिनें जोडीदारास म्हटलें, “आतां तूं ताडून पाहा. माझं म्हणून सोडूं नको.”

विद्यार्थ्यांनो, घरीं करून पाहण्यास हा अभ्यास सोपा आहे. घरांतील कागदांची यादी करा: सात-बारा, रेशनकार्ड, जन्माचा दाखला, आजोबांची सनद. प्रत्येकाची प्रतिमा एका फोल्डरांत ठेवा, यादी डेटाबेसांत करा, आणि वर सांगितलेलीं दोन बटणें बसवा. सबंध फोल्डराची एक प्रत निराळ्या डिस्कवर अवश्य ठेवा. पालकांसही विनंती आहे कीं, मुलगा संगणकापुढें बसला म्हणजे तो वेळच घालवितो असें समजूं नये; कदाचित् तो तुमच्याच घराचें दप्तर लावीत असेल.

असो. ते वृद्ध गृहस्थ पुन्हां एकदां येऊन गेले. नातीस प्रवेश मिळाला हें सांगावयास आले होते. आम्हीं त्यांस कचेरींतील यंत्रापुढें बसविलें व बटण दाबलें. ११८ वें पान उघडलें. त्यांनीं चष्मा लावला, आणि आपल्या नांवापुढील वडिलांच्या अंगठ्याच्या पुसट ठशावर पडद्यावरच बोट ठेविलें.